उसनं माप

संध्याकाळी बरोबर सात वाजता मापाडी विचारायचा, आणि सात वाजता सारिका वीरकर हमखास स्वयंपाकघरात असायची.

"सारिकाताई, आज किती दमलात? शून्य ते दहा यांतला एक आकडा सांगा."

मोबाइलमधला तो आवाज गोड होता, जरा जास्तच गोड. भिंतीला टेकून सासूबाई शेंगा फोडत बसलेल्या. सारिका त्यांना आत्या म्हणायची. त्या दिवशी पहाटे ती यवतेश्वरच्या घाटात चार किलोमीटर पळून आणि पुढचे आठ चालत रेटून आली होती, दुपारी शाळेत पीटीचे चार तास घेतले होते, आणि आता भाकरी थापताना तिचे हात लटलटत होते. खरं उत्तर आठ होतं. कदाचित साडेआठ.

"दोन," ती म्हणाली.

आत्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. 'दमले' हा शब्द त्या घरात बाईच्या तोंडून कुणी ऐकलाच नव्हता. दमायचा मान पुरुषांचा आणि बैलांचा. आत्यांनी तीस वर्षं रानातून येऊन थेट चुलीपुढे बसायचं काम केलं, आणि कुणी विचारलंच तर "मला काय धाड भरलीय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. सारिकाच्या माहेरीही तीच तऱ्हा. त्यामुळे आपण खोटं बोलतोय असं तिला मनापासून वाटतच नव्हतं. पाहुण्याने "जेवलात का?" विचारलं की पोटात कावळे कोकलत असले तरी "आत्ताच जेवलो" म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार. प्रश्न आला की डोक्याच्या आधी जीभ उत्तर देऊन मोकळी व्हायची.

असे चाळीस दिवस गेले. चाळीस उत्तरं. सगळ्यांत मोठं उत्तर होतं तीन, आणि त्या दिवशी तिला जिना चढताना कठड्याला धरून दोनदा थांबावं लागलं होतं.

तीन वर्षांपूर्वी सारिका देशातली तिसऱ्या क्रमांकाची मॅरेथॉन धावपटू होती. मग एक साधा ताप आला आणि जाता जाता हृदयाच्या स्नायूला सूज देऊन गेला. दोन वर्षं पळणं बंद. सूज उतरली, सगळे रिपोर्ट स्वच्छ आले, आणि ती बूट घालून बाहेर पडली तर चौथ्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला मटकन बसली. दुसऱ्या दिवशी तेच, महिन्याने तेच. वय छत्तीस. लोक मागे "ती आजारी पडलेली पोरगी" म्हणायला लागले होते, आणि हे तिला तापापेक्षाही जास्त लागलं.

डॉ. मेघना इनामदारांचं खेळाडूंसाठीचं केंद्र तेव्हा साताऱ्यात नवीनच उघडलं होतं. २०३९ साल. डॉक्टर बोलायला सडेतोड.

"खेळाडू परत येतो ना, तेव्हा तो सगळा एका गाडीने येत नाही," त्या म्हणाल्या. "मन पहिल्याच दिवशी हजर. श्वास आणि हृदय दोनेक महिन्यांत. हाडं आणि स्नायूबंध मात्र मागून रडतखडत, सहा-आठ महिन्यांनी. म्हणून या आठवड्यात किती पळायचं हे गेल्या महिन्यात किती पळालात त्यावर ठरवायचं. उत्साहावर नाही."

"पण माझा उत्साह चार किलोमीटरलाच संपतो, त्याचं काय?"

"तो संपत नाही, संपवला जातो. दमणूक पायांत नसते, मेंदूत असते. रक्तातून, स्नायूंतून, हृदयातून बातम्या येतात. मेंदू त्या ऐकतो आणि अंदाज बांधतो, की आता हिला थांबवलेलं बरं. त्या अंदाजाला आपण थकवा म्हणतो. तुमच्या मेंदूचं दुधाने तोंड पोळलंय. आता तो ताकही फुंकून पितोय."

इलाज होता तो त्या फुंकण्यावर. दंडात तांदळाएवढी एक चीप बसवायची. ती रक्तातली आम्लं, क्षार, सुजेची रसायनं मिनिटामिनिटाला मोजणार. कानामागे एक रुपयाएवढी चकती. तिथून जाणाऱ्या नसेला ती बारीक झटके देऊन मेंदूचा खोटा इशारा दाबून धरणार. खरी मर्यादा जवळ आली की चकती बंद, आणि थकवा एकदम जाणवणार. पण खरी मर्यादा कुठे? दोन माणसांच्या रक्तात तेच आकडे असले तरी एकाला जिथे चक्कर येते तिथे दुसरा शीळ घालत असतो. ते फक्त ज्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून पहिले चाळीस दिवस चकती बंद ठेवायची आणि रोज संध्याकाळी विचारायचं. रक्त काय म्हणतंय आणि माणूस काय म्हणतोय, याची जुळणी झाली की ते त्या माणसाचं माप. पुढे यंत्र विचारत नाही, सांगतं. आज वीस किलोमीटर, उद्या विश्रांती.

कंपनीने यंत्राला भलंमोठं इंग्रजी नाव दिलं होतं. साताऱ्याच्या खेळाडूंनी ते मार्केट यार्डात नेऊन टाकलं. तिथे प्रत्येक पोत्याचं वजन करणारा तो मापाडी, म्हणून हाही मापाडी.

"उत्तर एकटीने बसून द्यायचं, आणि खरं द्यायचं," डॉक्टरांनी बजावलं होतं. संध्याकाळी सात वाजता वीरकरांची सून एकटी बसते कुठे, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही, आणि सांगायचं हिला सुचलं नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी चकती सुरू झाली. सारिका घाटाखालून निघाली. चौथा किलोमीटर आला आणि गेला. आठवा गेला. पाय जड होत होते, श्वास वाढत होता, पण "पुरे आता" म्हणणारं आतलं माणूस कुठेतरी उठून गेलं होतं. वर पठारावर पोचून ती एकटीच हसली आणि मग रडली.

घरातही सगळे खूश होते. न दमणारी बाई कुणाला नको असते? पुण्याहून शनिवारी येणारा नवरा, अविनाश, म्हणाला, "तू परत पहिल्यासारखी झालीस." आत्यांच्या भिशीच्या बायकांचा चहा, पाहुण्यांची पंगत, शाळेचं स्नेहसंमेलन, सगळं ती एका दमात उरकायची आणि तिला काही वाटायचंच नाही.

पण ती मूर्ख नव्हती. मापात पाप असतं, आणि आपल्या मापात किती आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपण दोन म्हटलं तेव्हा आठ होते. म्हणून मापाडी वीस किलोमीटर म्हणाला की ती चौदावर थांबायची. तीन दिवस सलग म्हणाला की मधला एक दिवस गुपचूप सोडायची. मोबाइलवरचा हिरवा दिवा म्हणायचा, अजून पळा. ती म्हणायची, गप रे. हा हिशेब तिने कुणालाच सांगितला नाही, डॉक्टरांनाही नाही. सांगितलं असतं तर माप रद्द, चाळीस दिवस पुन्हा पहिल्यापासून, आणि आठवी-नववीच्या पोरींना "प्रामाणिक राहा" शिकवणारी बाई खोटारडी ठरली असती.

ऑगस्टपर्यंत ती पुन्हा पेपरात झळकली. नोव्हेंबरात पन्नास किलोमीटरची डोंगरी शर्यत होती, जोडीची. दोन बायकांनी एकत्र निघायचं आणि एकत्रच पोचायचं. जिंकणाऱ्या जोडीला थेट भारताच्या संघात जागा. सारिकाला जोडीदारीण हवी होती, आणि ती शेजारच्याच गल्लीत सापडली.

समृद्धी शेडगे. सगळे समू म्हणायचे. सत्तावीस वर्षांची, लग्नाआधी दहा हजार मीटरमध्ये राज्यात पहिली आलेली, आता दीड वर्षाच्या मुलीची आई. बोलायला अखंड बडबडी आणि पळायला हरीण. बाळंतपणानंतर तीही परत येत होती, आणि तिचीही तीच रड होती, पाच-सहा किलोमीटरला धाप. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिने केंद्रात जाऊन चीप बसवून घेतली आणि तशीच सारिकाच्या शाळेत आली.

"ताई, एक इचारू का? तिथं दोन रस्ते सांगतायत. एक तर चाळीस दिवस सोताची जुळणी करा. न्हाईतर आपल्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या बाईचं माप उसनं घ्या. माझं सगळ्यात जास्त कुणाशी जुळतंय म्हायतीय? तुमच्याशी! उंची, वजन, रगात, पाणी, सगळं. चाळीस दिवस थांबले तर आक्टोबर उजाडंल, नावनोंदणीची चाचणी हुकंल. काय करू? तुमचंच माप चालवू?"

सारिकाच्या हातात शिट्टी होती. मैदानावर पोरी रांगेत उभ्या होत्या. तिला सगळं एका क्षणात दिसलं होतं, हे तिने नंतर स्वतःशी कधी नाकारलं नाही. चाळीस दिवस म्हणजे ही शर्यत गेली. पुढच्या वर्षी सदतीस. आणि खरं सांगायचं तर कारणही सांगावं लागणार.

"चालव," ती म्हणाली.

संध्याकाळी तिच्या मोबाइलवर विचारणा आली. आपलं माप समृद्धी शेडगे यांना वापरू देण्यास संमती आहे का? आपण दिलेली उत्तरे खरी होती का? खाली एकच बटण होतं, 'होय'. तिने ते दाबलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या. आपण तिच्यासोबतच पळणार आहोत, लक्ष ठेवू, असं तिने मनाला समजावलं. मनही समजूतदार, लगेच समजलं.

सोबत पळाल्याही. पण मापाडी दोघींना वीस सांगायचा आणि सारिकाचं पाऊल चौदाव्या किलोमीटरला आपोआप मंदावायचं.

"मला शाळा आहे गं," ती म्हणायची. "तूही चल की परत. एक दिवस कमी पळालीस तर काय बिघडतंय?"

"छ्या! हिरवा हाय अजून. आणि मला तर कायच वाटत न्हाई, ताई. जादूच हाय ओ ही!"

आणि समू वर जायची. एकदा सारिकाने म्हणून पाहिलं, "यंत्राचं फार मनावर घेऊ नकोस." समू हसली. "तुमी घेतलं म्हणून तर तुमी आज इथं हाय." त्यावर बोलण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती सारिकाने गिळली.

ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी समू घाटाच्या पायथ्याशी बुटाची नाडी बांधता बांधता सहज म्हणाली, "ताई, दोन दिस झालं, लघवी निस्ती चहावानी होतीय. पाणी कमी पडतंय जनू."

सारिकाला याचा अर्थ माहीत होता. पीटीच्या पदविकेत धडाच होता त्यावर. स्नायू अतिश्रमाने फुटायला लागले की त्यांतला रंग लघवीत उतरतो. पळणं त्याच घडीला बंद करायचं आणि दवाखाना गाठायचा. तिने समूच्या तोंडाकडे पाहिलं. गाल आत गेले होते, ओठांना पांढरट कड आली होती. मग तिने समूच्या मोबाइलकडे पाहिलं. हिरवा. चाचणी गुरुवारी होती.

"आज नको पळूस. डॉक्टरांना दाखव," ती म्हणाली.

"गुरवार झाल्यावर दाखवते की. आजचं तेवढं सोळाच सांगितल्यात."

इथे तिचा हात धरून "माझं माप खोटं आहे" असं चार शब्दांत सांगता आलं असतं. सारिका म्हणाली, "पाणी पी मग भरपूर," आणि दोघी निघाल्या. दहाव्या किलोमीटरला सारिका थांबली. शाळा होती.

कासकडून येणाऱ्या दुधाच्या गाडीवाल्याला समू कठड्याशी आडवी दिसली. त्याने तिला किटल्यांच्या मध्ये झोपवून खाली आणलं. दवाखान्यात पोचली तेव्हा शुद्धीवर होती आणि डॉक्टरांना सांगत होती की मला काही त्रास नाही, पाय तेवढे हलत नाहीत. मांड्यांचे स्नायू विरघळून रक्तात उतरले होते, मूत्रपिंडं तुंबली होती, रक्तातलं पोटॅशियम हृदयाला झेपेना. बुधवारी सकाळी तिचं हृदय थांबलं. मर्यादा ओलांडल्याचा इशारा मापाडीने एकदाही दिला नाही, कारण त्याच्याकडच्या मापाप्रमाणे या बाईला अजून तीनचा आकडासुद्धा गाठायचा होता.

सारिकाने घरात पहिल्यांदा सांगितलं ते आत्यांना. का, ते तिलाही कळलं नाही. कदाचित तिला दोष वाटून घ्यायला कुणीतरी हवं होतं. सगळं ऐकून आत्या खरोखरच बुचकळ्यात पडून म्हणाल्या, "मग म्हणायचंस की दमले म्हणून. मी काय खाल्लं असतं व्हय तुला?"

सारिकाला इतका संताप आला की हातातलं पातेलं तिने आपटलं. पण संताप ओसरल्यावर तिच्या लक्षात आलं, की म्हातारी खरं बोलत होती. कुणीच खाल्लं नसतं. फार तर आत्यांनी कपाळाला आठ्या घालून भाकरी थापायला घेतली असती.

दुसऱ्या दिवशी ती डॉ. इनामदारांकडे गेली आणि लेखी देऊन मोकळी झाली. संघाचं दार बंद होणार, चौकशी होणार, शाळेतही कळणार, हे तिला माहीत होतं. डॉक्टरांनी कागद वाचला आणि उलटा ठेवला.

"तुमच्या एकटीचं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "परवापासून मी सगळ्यांची उत्तरं काढून बसलेय. एक्केचाळीस बायकांनी जुळणी केली. पुरुषांची उत्तरं सहा, सात, नऊ. बायकांची दोन, दोन, एक, तीन. रक्त पुरुषांइतकंच ओरडतंय आणि बाई म्हणतेय दोन. आणि आम्ही काय केलं माहितीये? शोधनिबंध लिहिला. बायकांचं शरीर कमी दमतं, असा शोध लावला. मीसुद्धा त्यावर सही केलीय. मीसुद्धा बाईच आहे ना? घरी मला कुणी विचारलं तर मी काय सांगते, हे मला आठवायला हवं होतं."

"माझी जुळणी पुन्हा करा," सारिका म्हणाली. "चाळीस दिवस. या वेळी खरी उत्तरं देईन. निदान एक तरी माप खरं असू दे."

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "चकती बंद करून किती दिवस झाले?"

"नऊ. समू पडली त्या दिवसापासून."

"या नऊ दिवसांत एकदा तरी दमल्यासारखं वाटलं?"

सारिका आठवत राहिली. स्मशानातून चालत आली होती. तीन दिवस धड झोप नव्हती. पाय थरथरत होते हे तिला दिसत होतं, पण वाटत काहीच नव्हतं.

"आठ महिने आपण त्या इशाऱ्याचं तोंड दाबलं," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदूने आता इशारा द्यायचंच सोडलंय. तुम्ही खरं सांगायला तयार आहात, पण ते खरं आता तुम्हालाच कळत नाही. परत येईल का? माहीत नाही. इतके दिवस चकती लावून कुणी ठेवलीच नव्हती."

तेराव्यानंतर सारिका शेडग्यांच्या घरी गेली. समूचा नवरा प्रथमेश ओट्यावर बसला होता. एका वर्कशॉपमध्ये फिटर होता, अबोल माणूस. मुलगी त्याच्या मांडीवर झोपली होती. सारिकाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दोनाच्या जागी आठ होते ते, चौदावर आपण थांबायचो ते, शिट्टी हातात असताना "चालव" म्हटलं ते, चहासारख्या रंगाचा अर्थ माहीत होता तेही. काहीच हातचं राखून ठेवलं नाही. तो ओरडेल, अंगावर धावून येईल, चार माणसांत काढू नये ते काढेल, याची तिने तयारी केली होती. किंबहुना तिला तेच हवं होतं.

प्रथमेशने मुलीच्या अंगावरची माशी हाकलली.

"मी रोज इचारायचो तिला," तो म्हणाला. "कामावरनं आलो की पयलं तेच. दमलीस का गं? कधी कधी दिसायचं मला. पोरीला उचलताना हात लटलटायचे तिचे. म्हणून तर इचारायचो. ती म्हणायची, न्हाई ओ, मला काय झालंय? मग मी हातपाय धुऊन टीव्हीपुढं बसायचो. एका दिशी दोनदा कधी इचारलं न्हाई."

सारिकाकडे त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

"खरं सांगू का ताई? ती न्हाई म्हणली की मला लई बरं वाटायचं."